यकृताच्या सीटीत स्नायूही असतात: रेडिओलॉजी विभाग आणि प्रत्यारोपण समित्यांना खुले पत्र

प्रति,
रेडिओलॉजी विभागांचे प्रमुख, यकृत प्रत्यारोपण निवड समित्यांचे सदस्य आणि या दोघांवर देखरेख असणारे रुग्णालय प्रशासन

स. न. वि. वि.

सिऱ्हॉसिसच्या (यकृतात व्रण साचून ते कडक होण्याच्या आजाराच्या) रुग्णाचा पोटाचा सीटी होतो आणि रिपोर्ट येतो. यकृताचा आकार, कडा, गाठी, पोर्टल शिरेतला प्रवाह, प्लीहेची लांबी, पोटातले पाणी, सगळे त्यात व्यवस्थित लिहिलेले असते. शेवटच्या ओळीत असते, 'दिसणारी हाडे व मऊ ऊती: विशेष काही नाही.' आता तोच सीटी उघडा आणि कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी थांबा. मणक्याच्या दोन्ही बाजूंचे सोआस स्नायू चपटे होऊन बसलेले, पाठीच्या स्नायूंत चरबीच्या काळ्या रेघा शिरलेल्या, पोटाची भिंत पाण्याने ताणून पातळ पट्टीएवढी उरलेली. ती शेवटची ओळ कुणी पाहून लिहिलेली नसते. ती टेम्प्लेटमध्ये आधीपासून असते आणि कुणी खोडत नाही.

स्नायूंचे मोजमाप ही संशोधनाची बाब आहे, रोजच्या रिपोर्टमध्ये ती नको, असा निर्णय अनेक विभागांनी घेतला आहे. काही ठिकाणी तर निर्णयही झालेला नाही, विषय तसाच राहून गेला आहे. दुसरीकडे निवड समितीच्या बैठकीत 'रुग्ण फार खंगलेला दिसतो' एवढ्या शेऱ्यावर प्रत्यारोपण लांबते किंवा नाकारले जाते. मोजायचे नाही आणि न मोजलेल्या गोष्टीवरून निकाल मात्र द्यायचा, हे आम्हाला मान्य नाही. बंद दाराआड हे अनेकदा बोलून झाले आहे, म्हणून आता उघडपणे लिहीत आहोत.

आम्ही यकृतविकार, रेडिओलॉजी, आहारशास्त्र आणि फिजिओथेरपी या चार विभागांत काम करणारी माणसे आहोत. रिपोर्टमध्ये न आलेल्या त्या ओळीचा भार आमच्याच टेबलावर येतो. आहारतज्ज्ञाकडे रुग्ण पोहोचतो तेव्हा स्नायू गेलेले असतात. फिजिओथेरपिस्टला शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात बोलावणे येते. आणि नातेवाइकांना 'नाही' सांगायची वेळ येते तेव्हा आमच्या हातात एकही आकडा नसतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. केवळ स्नायू मोजण्यासाठी जादा सीटी काढा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तेवढ्यासाठी रुग्णाला किरणोत्सर्ग देणे आम्हालाही पटत नाही. कर्करोगाच्या शंकेसाठी, पोर्टल शिरेतल्या गुठळीसाठी, प्रत्यारोपणाच्या तयारीसाठी जे सीटी आणि एमआरआय आधीच निघतात त्यांतले स्नायू मोजा, एवढेच मागतो आहोत.

पहिली तक्रार आपण ज्या गुणांकांवर विसंबता त्यांच्याबद्दल आहे. चाइल्ड आणि टर्कॉट यांनी १९६४ मध्ये यकृताच्या रुग्णांची जी वर्गवारी मांडली, तिच्या पाच निकषांत रुग्णाचे पोषण हा एक निकष होता. १९७३ मध्ये पग आणि सहकाऱ्यांनी तो काढून त्याजागी प्रोथ्रोम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) घातला. कारण समजण्यासारखे होते, पोषण डोळ्याने ठरवले जाई आणि प्रत्येक डॉक्टरचे उत्तर वेगळे येई. पण त्या दिवसापासून स्नायू गुणपत्रिकेतून गेले ते आजतागायत परतलेले नाहीत. पुढे मेल्ड हा रक्तचाचण्यांवरून काढायचा गुणांक आला (गुण जितके जास्त, तितका रुग्ण यादीत पुढे), २००२ पासून अमेरिकेत अवयववाटपासाठी वापरात आला. बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठण्याचे माप) आणि क्रिएटिनिन हे त्याचे मूळ घटक. नंतर सोडियम आले, मेल्ड ३.० मध्ये अल्ब्युमिन आले आणि स्त्री रुग्णांसाठी दुरुस्ती आली. स्नायू कुठेच नाहीत.

नुसते नाहीत एवढ्यावर भागत नाही. स्नायू झिजल्याने मेल्ड उलट दिशेला फसतो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. स्नायू कमी तर क्रिएटिनिन कमी, आणि क्रिएटिनिन कमी तर मूत्रपिंड ठणठणीत असल्याचा भास. त्यात मेल्डच्या सूत्रात १.० च्या खालचे प्रत्येक क्रिएटिनिन १.० धरले जाते. खंगलेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन ०.५ वरून १.० वर गेले, म्हणजे दुप्पट झाले, तर मूत्रपिंडाला इजा झाल्याचे ते स्पष्ट लक्षण आहे. मेल्डमध्ये मात्र एका गुणाचाही फरक पडत नाही. जो रुग्ण जास्त खंगलेला, तो यादीत मागे. मेल्ड ३.० मधली स्त्रियांसाठीची दुरुस्ती या अन्यायाचा काही भाग भरून काढते. पण स्नायू गमावलेल्या पुरुषाला आणि फारच गमावलेल्या स्त्रीला तिचा उपयोग तोकडा पडतो.

दुसरी तक्रार वजनाच्या आकड्याबद्दल. वजन ७२ किलो, उंची १.६८ मीटर, बीएमआय २५.५, आणि फाइलवर शेरा 'पोषण चांगले'. पोट पाण्याने तट्ट फुगलेले आणि दोन्ही पायांवर सूज असेल तर मार्गदर्शक तत्त्वांतल्या ठोकताळ्याप्रमाणे पाण्यासाठी १५ टक्के आणि सुजेसाठी ५ टक्के वजा करायचे असतात. उरतात ५७.६ किलो आणि बीएमआय २०.४. हाही ठोकताळाच, कारण ५७.६ किलोंत चरबी किती आणि स्नायू किती हे तो सांगू शकत नाही. लठ्ठ रुग्णांत तर घोळ आणखी वाढतो. वरून चरबीचा थर आणि आत स्नायू संपलेले, अशा रुग्णाला डोळा हमखास चुकतो, मग तो डोळा कितीही अनुभवी असो. सिऱ्हॉसिसच्या रुग्णांत एक तृतीयांशाहून अधिक जणांचे स्नायू धोक्याच्या पातळीखाली गेलेले असतात. इतक्या मोठ्या प्रमाणावर आढळणारी गोष्ट अंदाजपंचे ठरवायची नसते.

आता मुख्य तक्रार. चित्र हाताशी असताना मोजायला 'वेळ नाही', 'पद्धत ठरलेली नाही' ही सबब दिली जाते. पद्धत ठरलेली आहे आणि ती अवघड नाही. कमरेच्या तिसऱ्या मणक्याची, म्हणजे एल३ची, अशी चकती (सीटीतला एक आडवा छेद) निवडायची जिच्यात दोन्ही बाजूंच्या ट्रान्सव्हर्स प्रोसेस (मणक्याचे बाजूला गेलेले हाडाचे फाटे) पूर्ण दिसतात. त्या एका चकतीवरचे सगळे स्नायू घ्यायचे: सोआस, पाठीच्या कण्यालगतचे, क्वाड्रेटस लम्बोरम, पोटाच्या भिंतीचे तिन्ही थर आणि पुढचा रेक्टस. उणे २९ ते अधिक १५० हाउन्सफील्ड युनिट (एचयू, सीटीतली घनता मोजण्याचे एकक) या टप्प्यातले पिक्सेल स्नायू धरायचे. त्यांचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढून उंचीच्या मीटरमधल्या वर्गाने भागायचे. आलेला आकडा म्हणजे स्नायू निर्देशांक. हाताने रेखाटायला सरावाच्या माणसाला दहा मिनिटांच्या आसपास लागतात. स्वयंचलित सॉफ्टवेअर तेच काम मिनिटाच्या आत करते आणि माणसाने फक्त तपासायचे उरते.

पातळ्याही उपलब्ध आहेत. उत्तर अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या यादीवरच्या रुग्णांवरून २०१७ मध्ये निघालेल्या मर्यादा पुरुषांसाठी ५० आणि स्त्रियांसाठी ३९ अशा आहेत. जपानच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये पुरुषांसाठी ४२ आणि स्त्रियांसाठी ३८ ठरवल्या. हा फरक पाहून 'मग कोणती खरी?' असे विचारून हात झटकणे सोपे आहे. शरीरयष्टी वेगळी, तर मर्यादाही वेगळी असणारच. रिपोर्टमध्ये आकडा द्या आणि कोणती मर्यादा लावली ते लिहा, बाकीचा अर्थ उपचार करणारा डॉक्टर लावेल. कर्करोगाच्या लठ्ठ रुग्णांवरून काढलेल्या मर्यादा सिऱ्हॉसिसला चिकटवण्याचा प्रकार मात्र थांबला पाहिजे. तोही सर्रास चालतो.

स्नायू किती आहे याइतकेच तो कसा आहे हेही महत्त्वाचे. स्नायूत चरबी शिरली की त्याची सरासरी घनता उतरते. बीएमआय २५ च्या खाली असेल तर ४१ हाउन्सफील्ड युनिट आणि २५ किंवा वर असेल तर ३३, या मर्यादा बऱ्याच अभ्यासांत वापरल्या जातात. पण त्याही कर्करोगाच्या रुग्णांवरून आलेल्या आहेत, म्हणून नुसते 'कमी' किंवा 'ठीक' न लिहिता आकडा लिहा. क्षेत्रफळ पुरेसे आणि घनता कमी असा रुग्ण चित्रात धडधाकट वाटतो आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकतो.

जिथे मोजले जाते तिथेही चुका होतात, आणि त्या चुकांवरून 'मोजमाप बेभरवशाचे' असा निष्कर्ष काढला जातो. त्या चुका कुठल्या आणि का होतात, हे आम्ही इथे तपशिलात लिहितो, कारण त्यांतली जवळपास प्रत्येक टाळता येते.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. पोटातल्या पाण्याची घनता साधारण ० ते २० हाउन्सफील्ड युनिट असते आणि ती स्नायूंच्या टप्प्यात आरामात बसते. पोटाची भिंत पातळ झालेली, तिला आतून पाणी टेकलेले, अशा ठिकाणी सॉफ्टवेअर पाण्याची एक पट्टीच स्नायू म्हणून रंगवते. त्वचेखालच्या सुजेचेही तसेच, आतड्याच्या भिंतीचेही तसेच. निर्देशांक फुगतो आणि ज्या रुग्णाची आपल्याला सर्वांत जास्त काळजी हवी, त्याच्याच रिपोर्टवर 'स्नायू पुरेसे' असे येते. उपाय एकच आहे. रंगवलेली चकती माणसाने पाहायची, जादा भाग खोडायचा आणि ती रंगीत चकती पॅक्सवर (रुग्णालयाच्या संगणकीय चित्रसाठ्यावर) मूळ चित्रांसोबत जपून ठेवायची. चकतीशिवाय आलेला नुसता आकडा आम्ही स्वीकारणार नाही, आपणही स्वीकारू नये.

मग उंचीची चूक. सीटीच्या नोंदीत उंचीचा रकाना बहुतेक वेळा रिकामा असतो, किंवा रुग्णाने सांगितलेला आकडा भरलेला असतो. क्षेत्रफळ १४० चौरस सेंटिमीटर आहे असे धरू. उंची १.७० मीटर घेतली तर निर्देशांक ४८.४ येतो. १.६५ घेतली तर ५१.४. मर्यादा ५० ची असेल तर पाच सेंटिमीटरच्या थापेने रुग्ण एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो. भिंतीवरची उंचीपट्टी सीटीच्या खोलीबाहेर लावायला कुठल्या निविदेची गरज आहे?

मणका चुकणे ही तिसरी. काहींचा पाचवा कमरेचा मणका त्रिकास्थीला (कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडाला) जोडलेला असतो, काहींत त्रिकास्थीचा पहिला भाग सुटा असतो. फक्त खालून मोजत गेले की एक मणका पुढेमागे होतो आणि क्षेत्रफळ बदलते. वरून बाराव्या बरगडीपासून आणि खालून त्रिकास्थीपासून असे दोन्हीकडून मोजा, जुळले नाही तर तसे लिहा. पुढच्या वेळी तुलना करणाऱ्याला निदान तीच पातळी घेता येईल.

बाकीच्या चुका आटोपशीर सांगतो. कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसण्यासाठी शिरेतून द्यायचे औषध) दिल्यावर स्नायूंची घनता काही युनिटांनी वाढते आणि आतली चरबी झाकली जाते, म्हणून कोणत्या फेजमध्ये, म्हणजे कॉन्ट्रास्टनंतरच्या कोणत्या टप्प्यात, मोजले ते लिहायलाच हवे, आणि दोन तारखांची तुलना एकाच फेजमध्ये करायला हवी. ट्यूबचे किलोव्होल्टेज बदलले तरी घनता हलते. लठ्ठ किंवा सुजलेल्या रुग्णात चित्राची चौकट लहान ठेवली की बाजूचे स्नायू कापले जातात. असे झाले असेल तर निर्देशांक देऊच नका, कारण लिहा. मणक्यात स्क्रू असतील तर रेघांनी चकती खराब होते, तेव्हा वरची-खालची चांगली चकती घ्यायची आणि तसे नमूद करायचे. आणि कृपया फक्त सोआस मोजून मोकळे होऊ नका. सोआस पटकन मोजता येतो हे खरे, पण एकूण स्नायूंतला तो छोटा वाटा आहे आणि त्याच्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधला की बरेच रुग्ण चुकीच्या खान्यात पडतात. बेंबीच्या पातळीवर सोआसची जाडी मोजण्याची एक पद्धत आहे. पोटात पाणी आणि बेंबीला हर्निया असलेल्या माणसात बेंबी जिथे असायला हवी तिथे असते का, हे आम्ही आपल्याला सांगायला नको.

इथे प्रोटोकॉलबद्दलही एक तक्रार नोंदवतो. यकृतासाठीच्या सीटीत पहिली फेज फक्त वरच्या पोटाची असते, ते ठीक. पण काही ठिकाणी सगळ्याच फेज यकृताच्या खालच्या कडेला थांबतात आणि एल३ चित्रात येतच नाही. एक फेज एल३ च्या खालपर्यंत न्या. एमआरआयमध्ये हे आणखी जास्त होते. तिथे एल३ वर डिक्सन पद्धतीचा एक छोटा ब्लॉक जोडला तर एका श्वासरोधाचे काम आहे, आणि पाणी व चरबी वेगळी दाखवणाऱ्या त्या चित्रांतून स्नायूतली चरबी सीटीपेक्षा नेमकी कळते. सीटीच्या मर्यादा एमआरआयला जशाच्या तशा लावू नयेत, एवढे पथ्य पाळायचे.

सोनोग्राफीकडे कुणी पाहतच नाही याचे आम्हाला नवल वाटते. सिऱ्हॉसिसच्या रुग्णाची यकृताच्या गाठींसाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते. रुग्ण टेबलावर आडवा आहे, मशीन चालू आहे, जेल लावलेले आहे. मांडीचा स्नायू मोजायला आणखी पाच मिनिटे लागतात. रुग्ण उताणा, गुडघे सरळ, पाय सैल. कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि गुडघ्याच्या वाटीची वरची कड यांच्या मधोमध पेनने खूण करायची. लिनियर प्रोब त्या खुणेवर मांडीला काटकोनात आडवा धरायचा. जेलचा जाड थर ठेवायचा आणि प्रोब टेकवायचा, दाबायचा नाही, कारण थोड्याशा दाबानेही स्नायू काही मिलिमीटरने चपटा होतो आणि मोजमाप माणसागणिक बदलते. मांडीच्या हाडाच्या पृष्ठभागापासून रेक्टस फेमोरिसच्या वरच्या आवरणापर्यंतची जाडी घ्यायची, तीन वेळा, आणि सरासरी लिहायची. त्वचेखालची सूज या मापात धरायची नाही. सूज खूप असेल तर तसा शेरा द्यायचा, कारण स्नायूतही पाणी मुरलेले असते. एका मापावरून निदान करू नये. पण त्याच माणसाचे, त्याच खुणेवरचे, सहा-सहा महिन्यांचे आकडे ओळीने लावले की घसरण दिसते, आणि ती किरणोत्सर्गाशिवाय दिसते. डेक्सा (क्ष-किरणांनी शरीरघटक मोजणे) आणि बीआयए (शरीरातून सौम्य वीज सोडून ते मोजणे) या पद्धतींवर सिऱ्हॉसिसमध्ये फार भिस्त ठेवू नये. दोन्हींत साचलेले पाणी स्नायूंच्या खात्यात जमा होऊ शकते. डेक्साच वापरायचा तर निदान हातांचे आकडे वेगळे पाहावेत, तिथे सूज कमी असते.

यापुढची तक्रार निवड समित्यांकडे आहे, आणि ती आमच्याच मागणीच्या उलट बाजूची आहे. काही समित्या आता स्नायू निर्देशांक मागवू लागल्या आहेत, पण नकार देण्यासाठी. हे आम्हाला मुळीच नको आहे. चित्रावरून स्नायू मोजता येतो, फ्रेल्टी मोजता येत नाही. फ्रेल्टी म्हणजे शरीराची ताण सोसण्याची शिल्लक कमी होणे. स्नायूंचा त्यात मोठा वाटा आहे, पण श्वास, तोल, मेंदूवरचा अमोनियाचा परिणाम, खालावलेली भूक, अंथरुणाला खिळलेले दिवस हे सगळे त्यात येते. त्यासाठी लिव्हर फ्रेल्टी इंडेक्स आहे. नेहमी कामे करणाऱ्या हाताची पकड डायनॅमोमीटरवर तीनदा, हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठण्याचा वेळ, आणि पायांच्या तीन स्थितींत प्रत्येकी १० सेकंद तोल. काही मिनिटांचे काम. ३.२ च्या खाली सुदृढ, साधारण ४.५ आणि त्यावर फ्रेल. साहित्य म्हणजे एक डायनॅमोमीटर, एक खुर्ची आणि स्टॉपवॉच.

दोन्ही मापे एकमेकांना पुरवणी आहेत. खुर्चीतून उठण्याची चाचणी आयसीयूत पडलेल्या किंवा गोंधळलेल्या रुग्णात होत नाही, तिथे चित्र कामी येते. उलट, चित्रात स्नायू कमी दिसूनही पाच वेळा तरतरीत उठणारा रुग्ण असतो. त्याला सीटीवरून बाद करणे हा सरळ अन्याय आहे. सार्कोपेनियासाठी, म्हणजे स्नायू घटल्याबद्दल, मेल्डमध्ये सुमारे १० गुण मिळवण्याचे सूत्र प्रसिद्ध झालेले आहे. ते वाटपाला लावा असेही आम्ही म्हणत नाही, वर लिहिलेल्या चुका आधी आटोक्यात येऊ द्या. टिप्स (पोर्टल शिरेतला दाब उतरवण्यासाठी यकृतातून घातलेली नळी) बसवण्याआधी मात्र निर्देशांक जरूर पाहा. स्नायू रक्तातला अमोनिया ओढून घेतात, ते कमी असतील तर टिप्सनंतर एन्सेफॅलोपॅथीचा (यकृताच्या आजाराने मेंदू गोंधळण्याचा) धोका वाढतो, आणि रुग्णाला व घरच्यांना हे आधी सांगितलेले बरे.

कमी आलेला आकडा म्हणजे उपचार सुरू करण्याचा इशारा. काय करायचे तेही लिहून ठेवलेले आहे. युरोपच्या यकृततज्ज्ञ संघटनेची २०१९ ची आणि अमेरिकेतल्या संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे उघडून पाहा. दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने, लठ्ठ नसलेल्यांना दर किलोमागे किमान ३५ किलोकॅलरी, झोपण्यापूर्वी खाणे, ताकदीचे व्यायाम. एन्सेफॅलोपॅथी आहे म्हणून प्रथिने तोडायची नाहीत. हा जुना सल्ला डिस्चार्ज कार्डांवर अजून छापून येतो, आणि तो स्नायूंच्या मुळावर येतो.

आणि उपाशी ठेवण्याचे काय? रात्रभराच्या उपासानंतर सिऱ्हॉसिसच्या रुग्णाच्या शरीरात जे सुरू होते, ते निरोगी माणसात दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर होते. यकृतात साखरेचा साठा उरत नाही आणि शरीर स्नायू मोडून इंधन काढते. अशा रुग्णाला सीटीसाठी मध्यरात्रीपासून उपाशी ठेवतात, दुपारी दोन वाजता नंबर लागतो, मशीन बंद पडले म्हणून उद्या या म्हणतात, आणि उद्या पुन्हा तेच. आजची नॉन-आयॉनिक कॉन्ट्रास्ट औषधे शिरेतून देताना उपाशी राहण्याची गरज नाही, असे युरोपातल्या युरोजेनिटल रेडिओलॉजी संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात. सोनोग्राफीत पित्ताशय पाहायचे असेल तर काही तासांचा उपास लागतो, मग या रुग्णांना सकाळचा पहिला नंबर द्या. ज्या विभागाने स्नायू मोजायचे त्याच विभागाच्या बाकावर ते झिजत असतील, तर आम्ही कुणाकडे दाद मागायची?

आमच्या मागण्या:

रेडिओलॉजी विभागांनी सिऱ्हॉसिसच्या प्रत्येक पोटाच्या सीटीत, एल३ चित्रात असेल तर, पुढील गोष्टी लिहाव्यात: क्षेत्रफळ, मोजलेली उंची, निर्देशांक, सरासरी घनता, फेज, आणि मापात काही अडचण असल्यास ती. नमुनाही देतो. 'एल३ स्नायू क्षेत्रफळ ११८ चौ. सेंमी. उंची १.६६ मी., मोजलेली. निर्देशांक ४२.८. सरासरी घनता ३१ एचयू, पोर्टल फेज. पोटात मध्यम पाणी, भिंतीलगतचा भाग हाताने दुरुस्त केला.' एवढे पुरे. टेम्प्लेटमधली 'मऊ ऊती: विशेष काही नाही' ही ओळ या रुग्णांच्या रिपोर्टमधून काढून टाकावी. कुणी स्नायू पाहून ती स्वतः टाइप केली तर हरकत नाही.

स्वयंचलित सॉफ्टवेअर घ्यायचे असेल तर पोटात पाणी असलेल्या रुग्णांच्या चित्रांवर ते आधी आपल्याच विभागात, हाताने काढलेल्या मापांशी ताडून पाहावे. निरोगी माणसांच्या चित्रांवर ते किती अचूक चालते, हे विक्रेत्याने सांगून आम्हाला उपयोग नाही.

निवड समित्यांनी प्रत्येक रुग्णाच्या कागदपत्रांत लिव्हर फ्रेल्टी इंडेक्स आणि स्नायू निर्देशांक दोन्ही तारखेसह ठेवावेत. 'खंगलेला', 'अशक्त', 'शस्त्रक्रिया झेपणार नाही' हे शेरे आकड्याशिवाय इतिवृत्तात येऊ नयेत. यांपैकी कोणत्याही एका आकड्यावरून रुग्णाला यादीतून वगळू नये. कमी आकडा आला तर आहार आणि व्यायामाची योजना आखून ८ ते १२ आठवड्यांनी कार्यक्षमतेच्या चाचण्या पुन्हा कराव्यात, आणि मगच पुढचे बोलावे. खंगलेल्या रुग्णांचे मूत्रपिंड पाहताना क्रिएटिनिनच्या जोडीला सिस्टॅटिन सी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली मूत्रपिंडाची रक्तचाचणी) मागवावे.

प्रशासनाने सीटी आणि सोनोग्राफीच्या खोल्यांबाहेर उंचीपट्टी लावावी, तंत्रज्ञांना मांडीच्या मापाचे प्रशिक्षण द्यावे, सिऱ्हॉसिसच्या रुग्णांना सकाळचे नंबर राखून ठेवावेत आणि कॉन्ट्रास्टसाठीचा सरसकट उपास लेखी आदेशाने बंद करावा. निर्देशांक मर्यादेखाली आला की आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी आपोआप जावी, त्यासाठी कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहावे लागू नये.

या मागण्यांना आपले उत्तर आम्हाला लेखी हवे आहे: कोणती मान्य, कोणती नामंजूर आणि नामंजूर असल्यास का. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करायची असेल तर सुरुवात प्रत्यारोपणाच्या यादीवरच्या रुग्णांपासून करावी. त्यांचे सीटी आजही आपल्या सर्व्हरवर पडून आहेत.

आपले,
यकृतविकार, रेडिओलॉजी, आहारशास्त्र व फिजिओथेरपी विभागांत काम करणारे सहकारी